कांद्याच्या मुळापासून सिकलसेलच्या अहवालापर्यंत: पेशीविभाजन आणि आनुवंशिकता कशी शिकावी

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या गेल्या काही वर्षांतील पाठ्यपुस्तकांत मेंडेलचे वाटाण्यावरील आनुवंशिकतेचे प्रयोग नववीत येतात आणि पेशीविभाजन दहावीत येते. त्यामुळे युग्मकांमध्ये, म्हणजे प्रजनन पेशींमध्ये, जनुकांच्या जोडीतील एकच प्रत का जाते, हे कळण्याआधीच विद्यार्थी संततीचे प्रकार काढण्याच्या चौकटी आखायला शिकतात. चौकट बरोबर येते, ३:१ हे गुणोत्तरही येते. पण चौकटीच्या कडेला जनुकांची अक्षरे सुटी का लिहायची, असे विचारले की उत्तर मिळत नाही. या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी पेशी विभागताना गुणसूत्रे, म्हणजे जनुके वाहणारे धागे, काय करतात ते डोळ्यांनी पाहावे, मग ते हाताने करून पाहावे आणि त्यानंतरच मेंडेलच्या आकड्यांकडे वळावे. अवस्थांची नावे पाठ करण्यापेक्षा गुणसूत्रे मोजण्याची सवय अधिक उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे आणि पुढची प्रत्येक पायरी त्याच सवयीवर उभी आहे.

कांद्याला मुळे आणणे

पेशीविभाजन पाहण्यासाठी कांदा निवडतात, कारण त्याची गुणसूत्रे आकाराने मोठी आणि संख्येने कमी, म्हणजे १६, असतात. शिवाय मुळाच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात. लसणाच्या पेशीतही १६ गुणसूत्रे असतात, त्यामुळे कांदा न मिळाल्यास लसणाची पाकळी चालते.

नुकताच काढलेला कांदा काही काळ सुप्तावस्थेत असतो आणि त्याला मुळे फुटायला वेळ लागतो, म्हणून चांगला वाळलेला, साठवणीतला, टणक कांदा घ्यावा. त्याच्या बुडाची सुकलेली जुनी मुळे ब्लेडने हलकेच खरवडून काढावीत. मात्र ज्या चकतीतून मुळे फुटतात ती चकती कापू नये. काचेच्या पेल्यात पाणी भरून त्याच्या तोंडावर कांदा असा बसवावा की केवळ बूड पाण्याला टेकेल. कांदा पाण्यात बुडाला तर तो कुजतो. पाणी रोज बदलावे. तीन-चार दिवसांत पांढरी मुळे एक-दोन सेंटिमीटर वाढली की ती कापण्याजोगी होतात. मुळे फार लांब होण्याची वाट पाहू नये.

मुळांची टोके स्थिर करणे, रंगवणे आणि दाबणे

हा भाग शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. यात तीव्र ॲसिटिक आम्ल, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अल्कोहोल वापरावे लागते, आणि अल्कोहोलची बाटली पेटलेल्या दिव्याजवळ असणे धोक्याचे असते.

मुळे सकाळी, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान कापावीत, कारण त्या वेळी विभाजनाच्या अवस्थेतील पेशी अधिक संख्येने मिळतात, असा प्रयोगशाळांतील रूढ अनुभव आहे. कापलेली टोके लगेच एक भाग तीव्र ॲसिटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात टाकून २४ तास ठेवावीत. या मिश्रणात पेशी मरतात, पण ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत थांबतात, आणि आपल्याला तेच हवे असते. त्या दिवशी प्रयोग करायचा नसेल तर टोके ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवता येतात.

प्रयोगाच्या वेळी एक मूळ काचपट्टीवर घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब आणि ॲसिटोकारमाइन या रंगद्रव्याचे दोन-तीन थेंब टाकावेत. आम्लामुळे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा थर सैल होतो आणि रंगद्रव्यामुळे गुणसूत्रे गडद तांबडी दिसू लागतात. काचपट्टी स्पिरिटच्या दिव्यावरून काही क्षण फिरवून कोमट करावी. रंग उकळू देऊ नये, कारण उकळलेल्या रंगाचे कण पडतात आणि नवख्याला तेच गुणसूत्रांसारखे वाटतात. पाच ते दहा मिनिटे थांबल्यावर जास्तीचा रंग टिपकागदाने टिपून घ्यावा.

आता मुळाकडे नीट पाहिले तर त्याचे अगदी शेवटचे दोन-तीन मिलिमीटर बाकीच्या भागापेक्षा गडद झालेले दिसतात. तेथील पेशी लहान आणि दाटीने वसलेल्या असतात व त्यांचे केंद्रक पेशीच्या मानाने मोठे असते, म्हणून तेथे रंग अधिक बसतो. एवढाच गडद तुकडा ठेवायचा आणि उरलेले मूळ टाकून द्यायचे. मूळ जितके जास्त ठेवावे तितक्या न विभागणाऱ्या लांबट पेशी दृश्यात येतात आणि हव्या त्या पेशी त्यांत हरवून जातात, त्यामुळे येथे हात आखडता घेणेच योग्य ठरते. तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून, हवेचे बुडबुडे येऊ न देता कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच, ठेवावी. पेन्सिलीच्या मागच्या बाजूने ती हळूहळू ठोकावी आणि मग वर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाब द्यावा. दाबताना कव्हरस्लिप आडवी सरकली तर पेशी गुंडाळल्या जातात आणि तयारी वाया जाते. दाब योग्य बसला तर पेशींचा एकपदरी थर मिळतो.

सूक्ष्मदर्शकाखाली काय शोधावे

आधी १० पट भिंगाखाली चौकोनी, लहान पेशींचा भाग शोधावा आणि मगच ४० पट भिंगाकडे जावे. पहिल्यांदा निराशा होण्याची शक्यता असते, कारण बहुतेक पेशींमध्ये नुसता गोल, कणीदार केंद्रक दिसतो. त्या पेशी विभाजनाच्या दोन फेऱ्यांमधील काळात असतात आणि याच काळात डीएनएची दुसरी प्रत तयार होते. पेशीचा बराचसा वेळ या तयारीत जातो, म्हणून कोणत्याही क्षणी पाहिले तरी अशाच पेशी सर्वाधिक सापडतात. वेगवेगळ्या दृश्यांतील दोनशे पेशी मोजून, त्यांपैकी किती कोणत्या अवस्थेत आहेत याची नोंद करावी. ज्या अवस्थेत कमी पेशी सापडतात ती अवस्था लवकर उरकते, हे अनुमान त्या नोंदीवरून स्वतः काढता येते.

पूर्वावस्थेत केंद्रकाच्या जागी आखूड आणि जाड होत चाललेल्या धाग्यांचा गुंता दिसतो. मध्यावस्थेत गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी एका पातळीत येतात. बाजूने पाहिल्यास ती एका आडव्या पट्टीसारखी दिसतात. पश्चावस्था ओळखणे सर्वांत सोपे असते. दोन गट विरुद्ध ध्रुवांकडे जात असतात आणि प्रत्येक गुणसूत्राचा गुणसूत्रबिंदू (ज्या जागी त्याचे बाहू जोडलेले असतात ती जागा) पुढे व बाहू मागे असल्यामुळे ती वाकलेली दिसतात. अंत्यावस्थेत दोन्ही टोकांना पुन्हा केंद्रक तयार होऊ लागतात.

येथे पाठ्यपुस्तकातील आकृती आणि काचपट्टी यांच्यातील एक फरक आवर्जून लक्षात घ्यावा. पुस्तकातील आकृती बहुधा प्राणीपेशीची असते, म्हणून तिच्यात तारककेंद्रे, म्हणजे ध्रुवांजवळचे लहान कण, दाखवलेली असतात आणि पेशी मध्यावर खाच पडून विभागते. कांद्याच्या पेशीत तारककेंद्र नसते, तरीही गुणसूत्रांना ओढणारे तर्कुतंतू तयार होतात. तसेच पेशीभित्तिका ताठ असल्यामुळे तिच्यात खाच पडत नाही, तर दोन नव्या केंद्रकांच्या मधोमध पेशीपटल तयार होऊन ते कडांकडे वाढत जाते. प्रयोगवहीत जे दिसले तेच काढावे. न दिसलेले तारककेंद्र पुस्तकातून उचलून काढू नये.

जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या पेशी रंगवून हीच हालचाल पाहिली आणि १८८२ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. प्रत्येक धागा लांबीच्या दिशेने दुभंगतो, हे त्यांनी दाखवून दिले. मेंडेल तेव्हा ब्रनोच्या मठात हयात होते, पण या दोन कामांचा एकमेकांशी संबंध आहे हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नाही.

मोजणीचा नियम

विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ एका प्रश्नावर होतो: डीएनएची प्रत तयार झाल्यावर कांद्याच्या पेशीत गुणसूत्रे १६ की ३२? यासाठी एकच नियम पुरेसा आहे. गुणसूत्रे मोजायची असतील तर गुणसूत्रबिंदू मोजावेत.

प्रत तयार होण्यापूर्वी १६ गुणसूत्रे असतात. प्रत तयार झाल्यावर प्रत्येक गुणसूत्रात दोन अर्धगुणसूत्रे येतात, पण ती एकाच गुणसूत्रबिंदूशी जोडलेली असतात. म्हणजे गुणसूत्रे १६ च राहतात आणि अर्धगुणसूत्रे ३२ होतात. मध्यावस्थेपर्यंत हेच आकडे कायम असतात. पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू दुभंगतो आणि त्या क्षणी प्रत्येक अर्धगुणसूत्र स्वतंत्र गुणसूत्र ठरते, म्हणून काही वेळ त्या एकाच पेशीत ३२ गुणसूत्रे असतात. पेशी विभागली की दोन्ही पेशींत १६-१६ गुणसूत्रे येतात. माणसाच्या पेशीसाठी हाच हिशेब ४६, ४६ (अर्धगुणसूत्रे ९२), ९२ आणि शेवटी ४६ असा होतो. वाटाण्याची १४ आणि फळमाशीची ८ गुणसूत्रे घेऊन हा तक्ता वहीत एकदा स्वतः मांडावा.

मोजणी वरवर सोपी वाटली तरी ती सोपी नसते. माणसात ४८ गुणसूत्रे असतात, असे अनेक दशके मानले जात होते. पेशी फुगवून गुणसूत्रे मोकळी पसरवण्याचे तंत्र हाती आल्यावर १९५६ साली ज्यो हिन ट्यो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ती ४६ असल्याचे दाखवून दिले.

लोकरीच्या धाग्यांनी अर्धगुणसूत्री विभाजन

गुणसूत्रांची संख्या कायम ठेवणारे सूत्री विभाजन कांद्यात दिसते; पण युग्मके तयार करताना ती संख्या निम्मी करणारे अर्धगुणसूत्री विभाजन पाहण्यासाठी कोवळ्या कळ्यांतील परागकोश लागतात आणि नवख्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. म्हणून ते धाग्यांनी करून पाहावे.

लाल आणि निळ्या लोकरीचे धागे घ्यावेत. लाल धागा आईकडून आलेल्या गुणसूत्रासाठी आणि निळा वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रासाठी वापरावा. प्रत्येक रंगाचे एक लांब आणि एक आखूड गुणसूत्र करावे. म्हणजे आपल्या काल्पनिक पेशीत चार गुणसूत्रे, अर्थात सजातीय गुणसूत्रांच्या दोन जोड्या होतील. प्रत तयार झाली हे दाखवण्यासाठी प्रत्येक धाग्याशेजारी त्याच रंगाचा आणि तेवढ्याच लांबीचा दुसरा धागा ठेवून दोन्ही मध्यावर दोऱ्याने बांधावेत. ती गाठ म्हणजे गुणसूत्रबिंदू.

मोठ्या कागदावर पेशीची बाह्यरेषा काढून लांब लाल आणि लांब निळे गुणसूत्र एकमेकांलगत आणावे, आखूड जोडीचेही तसेच करावे. सजातीय गुणसूत्रांचे असे जवळ येणे सूत्री विभाजनात घडत नाही. या टप्प्यावर लाल आणि निळ्या धाग्यांची टोके सारख्याच लांबीवर कापून त्यांची अदलाबदल करावी. हेच जनुकीय विचरण. त्यानंतर जोड्या मध्यावर मांडून प्रत्येक जोडीतील एक संपूर्ण गुणसूत्र एका बाजूला आणि दुसरे विरुद्ध बाजूला न्यावे. येथे गाठ सोडायची नाही. पहिल्या भागात सजातीय गुणसूत्रे वेगळी होतात, अर्धगुणसूत्रे नाहीत, आणि गुणसूत्रांची संख्या याच टप्प्यावर निम्मी होते. दोन्ही पेशींत आता दोन-दोन गुणसूत्रे आहेत. दुसऱ्या भागात गाठी सोडून अर्धगुणसूत्रे वेगळी केली की चार पेशी मिळतात आणि प्रत्येकीत दोन गुणसूत्रे असतात. संख्या पहिल्या भागात निम्मी होते की दुसऱ्या, हा प्रश्न विचारला की वर्ग हमखास दुभंगतो. ज्याने धागे स्वतः हलवले आहेत, तो तेथे अडखळत नाही.

एकदा झाल्यावर हेच पुन्हा करावे, पण या वेळी आखूड जोडीची मांडणी उलटी करावी. आधी लांब लाल आणि आखूड लाल एका बाजूला गेली असतील, तर आता लांब लाल आणि आखूड निळे एकत्र जातील. दोन जोड्यांपासून युग्मकांचे चार प्रकार मिळतात. कांद्याच्या आठ जोड्यांपासून २५६ आणि माणसाच्या २३ जोड्यांपासून ८३,८८,६०८ प्रकार मिळू शकतात, आणि यात जनुकीय विचरण धरलेले नाही. एकाच आई-वडिलांची भावंडे एकमेकांहून वेगळी का असतात, याचे उत्तर या आकड्यात आहे.

मेंडेलची चौकट

आता चौकटीकडे वळू. गोल बियांच्या जनुकाला ‘मोठा आर’ आणि सुरकुतलेल्या बियांच्या जनुकाला ‘छोटा आर’ म्हणू. ही एकाच जनुकाची दोन रूपे सजातीय गुणसूत्रांवर सारख्याच जागी असतात. लाल धाग्यावर मोठ्या आरची आणि निळ्या धाग्यावर छोट्या आरची चिठ्ठी चिकटवून वरचे विभाजन पुन्हा करून पाहिले, तर निम्म्या युग्मकांत मोठा आर आणि निम्म्या युग्मकांत छोटा आर येतो. चौकटीच्या कडेला एकेक अक्षर सुटे लिहितात ते याचसाठी. प्रत्येक अक्षर म्हणजे एक युग्मक आणि आतले प्रत्येक घर म्हणजे एक युग्मनज, म्हणजे दोन युग्मके मिळून झालेली पेशी.

मेंडेल यांनी आपले प्रयोग १८६५ साली ब्रनो येथे मांडले आणि ते १८६६ साली छापून आले. गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या झाडांच्या संकराची पहिली पिढी पूर्ण गोल निघाली. दुसऱ्या पिढीत ७,३२४ बिया मिळाल्या. त्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या होत्या. हे गुणोत्तर २.९६:१ आहे, नेमके ३:१ नाही, आणि तसे ते असणारही नाही. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते मेंडेल यांचे पुढचे पाऊल. दुसऱ्या पिढीतील गोल बियांपासून त्यांनी ५६५ झाडे वाढवली. त्यांपैकी १९३ झाडांना फक्त गोल बिया आल्या, तर ३७२ झाडांना दोन्ही प्रकारच्या आल्या. म्हणजे ३:१ मधील ‘तीन’ एकसारखे नव्हते. त्यांत एक भाग समयुग्मी (दोन्ही प्रती सारख्या) आणि दोन भाग विषमयुग्मी (दोन प्रती वेगळ्या) होते. स्वरूपविधेचे (दिसणाऱ्या रूपाचे) गुणोत्तर ३:१ असताना जनुकविधेचे (जनुकांच्या जोडीचे) गुणोत्तर १:२:१ का असते, याचा याहून चांगला पुरावा शालेय स्तरावर देता येणार नाही.

शक्यता हाताने अनुभवायची असेल तर दोन नाणी एकदम उडवावीत; प्रत्येक नाणे एका जनकाचे युग्मक ठरवेल. दोन्ही काटे पडले तर बी सुरकुतलेले, अन्यथा गोल. बारा वेळा उडवले तर ९:३ येईलच असे नाही, पण संपूर्ण वर्गाचे आकडे एकत्र केले की गुणोत्तर ३:१ च्या जवळ येते. मेंडेल यांनी हजारो बिया का मोजल्या, हे यावरून समजते.

गोल रूप प्रभावी का, म्हणजे एका प्रतीनेही ते का दिसते, हेही आता ठाऊक आहे. हे जनुक स्टार्चला फांद्या फोडणारे विकर (एन्झाइम) तयार करते. सुरकुतलेल्या वाटाण्यात या जनुकाच्या मध्ये सुमारे ८०० बेसजोड्यांचा (बेस म्हणजे डीएनएचे एक अक्षर) परका डीएनए घुसलेला आहे, हे १९९० साली दाखवले गेले. त्यामुळे विकर नीट बनत नाही, बियांत साखर जास्त राहते, बी वाढताना अधिक पाणी शोषते आणि वाळताना आकसते. जनुकाची एक चांगली प्रत असली तरी बी गोल राहण्यापुरते विकर तयार होते. यात प्रभावी रूप अप्रभावी रूपाला दाबून टाकत नाही. हा गैरसमज शालेय वयातच दूर झालेला बरा.

द्विसंकरात, म्हणजे दोन गुण एकाच वेळी पाहणाऱ्या संकरात, मेंडेल यांना ५५६ बिया मिळाल्या: ३१५ गोल पिवळ्या, १०८ गोल हिरव्या, १०१ सुरकुतलेल्या पिवळ्या आणि ३२ सुरकुतलेल्या हिरव्या. सोळा घरांची चौकट आखण्याऐवजी तीन-चतुर्थांशाला तीन-चतुर्थांशाने गुणले तरी ९/१६ मिळते. मात्र हा गुणाकार दोन जनुके वेगवेगळ्या जोड्यांवर, किंवा एकाच गुणसूत्रावर पण पुरेशी दूर असतील, तरच चालतो. ती जवळजवळ असतील तर ९:३:३:१ येणार नाही. एकाच धाग्यावर शेजारी चिकटवलेल्या दोन चिठ्ठ्या सहसा एकत्रच जातात. १९०२-०३ साली नाकतोड्याच्या पेशींवर काम करणारे अमेरिकेचे वॉल्टर सटन यांनी, आणि स्वतंत्रपणे जर्मनीचे थिओडोर बोव्हेरी यांनी, मेंडेलचे घटक गुणसूत्रांवर असल्याचे मांडले, तेव्हा हा धागा जुळला.

सिकलसेलचे उदाहरण

वाटाणा सोडून माणसाचे एक उदाहरण सोडवावे आणि ते आपल्याकडचे असावे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. अकराव्या गुणसूत्रावरील हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एका बेसचा बदल होतो, त्यामुळे प्रथिनसाखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि ऑक्सिजन कमी असताना तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात.

अहवालात ‘एए’ म्हणजे सामान्य, ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. वाहक व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते. आई आणि वडील दोघेही एएस असतील तर चौकटीत एक घर एए, दोन घरे एएस आणि एक घर एसएस येते. येथे एक घातक चूक होते: पहिले मूल एसएस झाले, आता पुढची तीन ठीक निघतील, असे मानले जाते. प्रत्येक गर्भधारणेत अर्धगुणसूत्री विभाजनाने बनलेली नवी युग्मके एकत्र येतात आणि आधीच्या मुलाचा निकाल त्यांना ठाऊक नसतो. म्हणून दर वेळी शक्यता एक-चतुर्थांशच राहते. दोन अपत्ये असतील तर एकही एसएस नसण्याची शक्यता ९/१६, म्हणजे किमान एक एसएस असण्याची ७/१६ आहे. ती थोडी नव्हे. एका जनकाचा अहवाल एए असेल तर मात्र कोणतेही मूल एसएस होत नाही, मग दुसरा एएस असला तरी. आणि एक एएस व दुसरा एसएस असेल तर दर वेळी शक्यता निम्मी असते. ही तिन्ही लग्ने चौकटी आखून स्वतः सोडवावीत.

शाळेत किंवा गावात होणाऱ्या तपासणीत आधी विद्राव्यता चाचणी केली जाते. त्या चाचणीत एएस आणि एसएस दोन्हींचे उत्तर ‘होकारार्थी’ येते. व्यक्ती चौकटीतील नेमक्या कोणत्या घरात आहे, हे त्यावरून कळत नाही. म्हणून तो कागद हाती आल्यावर घाबरून किंवा निश्चिंत होऊन न थांबता, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करून घ्यावी आणि त्या अहवालातील दोन अक्षरे वाचावीत.